गोंदणावरची पट्टी

माझ्या आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळशीवृंदावन आहे. गोंदलेलं. हिरवट-निळं, कडा आता पसरलेल्या, आणि वृंदावनाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके. ती लहान असताना सांगलीकडच्या तिच्या गावी गोंदणारी बाई आली होती आणि आईने म्हणे अजिबात न रडता हात पुढे केला होता. लहानपणी मी त्या वृंदावनावर बोट फिरवत फिरवत झोपायचे. पुढे मी शिकले, शहाणी झाले, जपानला आले, आणि त्याच वृंदावनावर चिकटवायची पट्टी मी स्वतः दुकानात जाऊन विकत आणली.

मी फुनाबोरीला राहते. टोकियोच्या या भागात आपली पुष्कळ कुटुंबं आहेत. मी मात्र एकटी, एका आयटी कंपनीत, बारा वर्षं झाली. इथे राहून माणसाला शिस्त लागते असं सगळे म्हणतात. मला लागली ती माफी मागायची सवय. लिफ्टमध्ये, दुकानात, मीटिंगमध्ये, माझं 'सुमिमासेन' चालूच असतं. स्वतःसाठी माफी मागायची सवय झाली की हळूहळू माणूस घरच्यांसाठीही मागायला लागतो. इथली तशी रीतच आहे, बाहेरच्यांसमोर आपल्या माणसाला कमी लेखायचं. 'आमच्या आईला काही कळत नाही, सांभाळून घ्या' हे इथे नम्रतेचं बोलणं. समोरचा 'छे छे' म्हणतो आणि विषय संपतो. ते खरं नाही, हे दोघांनाही माहीत असतं.

आईला हे माहीत नव्हतं. ती मार्चमध्ये पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि मी तिच्या मागे मागे माफी मागत फिरायला लागले. ट्रेनमध्ये मावशीचा फोन आला की ती उचलायची आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं बोलायची. लिफ्टमधल्या अनोळखी आजोबांना 'नमस्कार' म्हणायची. चहाचा चोथा प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकायची, आणि खालची देखरेखवाली बाई ती पिशवी परत आमच्या दाराशी आणून ठेवायची. मी रोज काहीतरी सांगत होते. हळू बोल. इथे थांबू नको. असं बघू नको त्यांच्याकडे. आई 'बरं बाई' म्हणायची. तिला राग येत नव्हता, म्हणून मला थांबावंसंही वाटत नव्हतं.

एका शनिवारी तिला मी डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले. तिथे सगळ्यांनी एकत्र आंघोळ करायची असते, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. दारावर पाटी होती: अंगावर गोंदलेलं असेल तर प्रवेश नाही. इथे गोंदण म्हटलं की लोकांना गुंड आठवतात. मला हे आधीच ठाऊक होतं, म्हणून औषधांच्या दुकानातून मी कातडीच्या रंगाच्या पट्ट्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं. कातडी अर्थात जपानी बायकांची. आईच्या गव्हाळ हातावर ती पट्टी चुन्याचा हात लागल्यासारखी दिसायला लागली. वृंदावनाकडे कुणी पाहिलं नसतं, पट्टीकडे सगळ्या पाहत होत्या. आई गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि हात मात्र वर धरून राहिली, पट्टी सुटू नये म्हणून. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, बाहेर पडताना लावत जा, उगाच कुणी काही विचारायला नको. दुसऱ्या दिवसापासून आई आंघोळ झाली की कपाळाला टिकली आणि हाताला पट्टी लावायला लागली.

आमच्या मजल्यावर, दोन दारं सोडून, मोरोक्कोची एक मुलगी राहते. भाषाशाळेत फ्रेंच शिकवते, नवरा जपानी आहे, त्याची नोकरी दुसऱ्या शहरात, तो शनिवार-रविवारी येतो. आम्ही दोघी एकमेकींशी जपानीत बोलतो, कारण दोघींना येणारी तेवढी एकच भाषा आहे. ती अमाझिग आहे, ॲटलसच्या डोंगरातली. बाहेरचे लोक त्यांना बर्बर म्हणतात. तो शब्द तिला आवडत नाही, म्हणून मीही वापरत नाही. त्या वसंतात तिला दिवस गेलेले होते, पहिलंच बाळ, ऑगस्टमध्ये व्हायचं होतं.

तिची आई येणार का, हे आईने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, त्या घाबरतात, कधी गाव सोडून कुठे गेलेल्या नाहीत. "पहिलं बाळंतपण आणि आई नाही?" आई म्हणाली. "मग करणार कोण तिचं?" इथे हॉस्पिटलं चांगली आहेत, असं मी सांगितलं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि उठून रवा भाजायला घेतला. त्यानंतर आई तिच्याकडे शिरा, मेथीचे लाडू, मऊ भात असं काहीबाही घेऊन जायला लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण तासतासभर बसायच्या.

मोरोक्को बघायचं बरीच वर्षं माझ्या मनात होतं, आणि मेच्या सुरुवातीची मोठी सुट्टी मी त्यासाठीच राखून ठेवली होती. आई आलेली, म्हणून तिचंही तिकीट काढलं. ते कळल्यावर शेजारीण माझ्या दाराशी आली. पोटावर हात ठेवून उभी होती.

"तुमच्या आईंना माझ्या आईकडे घेऊन जाल का?" ती म्हणाली. "मी फोनवर कितीही सांगितलं तरी तिला खरं वाटत नाही. म्हणते, मला कुणी ओळखत नाही, भाषा येत नाही, मी तिथे काय करू. तिच्याच वयाची, तिच्यासारखीच गावातली बाई इथे राहतेय आणि मजेत आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिलं की ती येईल. मला ती हवी आहे हो."

हे शेवटचं वाक्य तिने मान खाली घालून म्हटलं. काळजी करू नका, आम्ही त्यांना तयार करूनच येतो, असं मी तिला सांगितलं.

माराकेशमध्ये आम्ही चार दिवस होतो. गुलाबी भिंती, संत्र्यांच्या रसाच्या गाड्या, मोठ्या चौकात माकडं आणि सापवाले. मी पर्यटकांनी करायचं ते सगळं केलं; प्रत्येक दारासमोर उभी राहून फोटो काढले आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. आई त्या गल्ल्यांमध्ये खुलली होती. मसाल्यांचे ढीग पाहून दुकानदाराशी मराठीत भाव करायची, आणि तोही त्याच्या भाषेत तितक्याच जोरात उत्तर द्यायचा. मी दोन पावलं पुढे उभी राहून 'चल आता' म्हणायचे. तिथे कुणालाच त्या आवाजाचा त्रास होत नव्हता, सगळी गल्लीच ओरडत होती. तरी माझ्या मानेवर काटा यायचा. फुनाबोरी मी सामानात भरून बरोबर नेली होती.

शुक्रवारी शेजारणीचा भाऊ गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. तिथे पर्यटकांनाच फिरवतो, त्यामुळे इंग्रजी उत्तम. दोन तासांवर डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव, मातीच्या लाल घरांचं, अक्रोडाची झाडं आणि बाजूने पाण्याचा पाट. त्यांची आई अंगणाच्या दारात उभी होती. उंच, काटक, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. खालच्या ओठापासून हनुवटीच्या टोकापर्यंत एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके. गोंदलेली.

मी ते पाहिलं आणि मनात नोंद केली: फोटो छान येईल.

आम्ही गालिच्यावर बसलो. जेवणाआधी भाऊ तांब्याची किटली आणि घंगाळ्यासारखं भांडं घेऊन आला आणि एकेकीच्या हातावर कोमट पाणी घालायला लागला. आईला ते फार आवडलं. "आमच्याकडेही पूर्वी पाहुण्यांच्या हातावर असंच पाणी घालायचे, सांग यांना," ती म्हणाली आणि तिने स्वेटरची बाही वर सरकवली. पट्टी भिजली, कड उलटी झाली. त्या बाईंनी पटकन आईचा हात हातात घेतला, पट्टीकडे पाहिलं आणि लहान मुलाच्या दुखऱ्या बोटावर घालतात तशी हलकी फुंकर घातली.

आई हसायला लागली. "अहो लागलं नाहीये," असं मराठीतच म्हणत तिने पट्टी ओढून काढली. खाली वृंदावन, ओलं आणि हिरवंगार. त्या बाई बघतच राहिल्या. मग त्याही हसल्या. आई पुढे वाकली आणि तिने त्यांच्या हनुवटीला हात लावला. "माझ्या आईलाही होतं इथे. एकच ठिपका," ती म्हणाली. "दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, म्हणायची."

"आई," मी म्हटलं, "हात नको लावू त्यांना."

माझा आवाज चढला होता. आईने हात मागे घेतला. मी लगेच भावाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. प्लीज तुमच्या आईंना सांगा, माझ्या आईला हे मॅनर्स कळत नाहीत. ती गावाकडची आहे."

गावातल्या घरात, गावातल्या माणसांसमोर बसून मी हे बोलले. जपानमध्ये यावर कुणीतरी 'छे छे' म्हणालं असतं. इथे ती रीत नव्हती. मुलगी आईबद्दल जे बोलते ते तिला तसंच वाटत असणार, असं इथली माणसं समजतात. भावाने त्याच्या आईला काहीतरी थोडक्यात सांगितलं. मी म्हटलं ते सगळं नसावं, कारण तो फार कमी बोलला. पण माझा आवाज त्या बाईंना भाषांतराशिवाय कळला होता.

त्यांनी आईचा गोंदलेला हात अजून सोडला नव्हता. त्यांनी विचारलं, लागलेलं नाही तर मग पट्टी कशाला?

आणि मी सांगितलं. आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो, तो माझ्यावरच. मी अगदी माहिती कक्षात बसल्यासारखी बोलत होते. जपानमध्ये लोक गोंदण वाईट समजतात, गुंडांचं समजतात, कुंडावर आत घेत नाहीत, म्हणून आपण झाकायचं. काही प्रॉब्लेम नाही, सगळीकडे पट्ट्या मिळतात. मला वाटत होतं मी त्यांची मदतच करतेय, त्या येणार आहेत तर आधी माहीत असलेलं बरं.

भावाने भाषांतर केलं. या वेळी पूर्ण केलं. त्या बाईंनी एकच शब्द विचारला, आणि त्याने तो मला इंग्रजीत सांगितला: "तिथेही?"

मला कळलं नाही. मग त्याने समजावलं. इकडेही आता तरुण मुलं, शहरातून शिकून आलेली, म्हाताऱ्या बायकांना सांगतात की हे धर्मात बसत नाही, पुसून टाका. शहरातल्या लग्नाला गेलं की आई रुमाल ओठापर्यंत ओढून बसते, तो म्हणाला. तो हे बोलत असताना त्याच्या आईने आपल्या हनुवटीवरून एकदा अंगठा फिरवला आणि त्या उठून जेवण आणायला गेल्या.

मोठ्या परातीत कुसकुस आलं, आपल्या लापशीसारखं मोकळं, वर भोपळा, गाजर, कोबी, हरभरे. आई शाकाहारी म्हणून त्या दिवशी त्या घरात कुणीच मांस खाल्लं नाही. सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. मला वाटलं आई उष्ट्याचं काहीतरी काढणार, आणि मी तिच्याकडे डोळे वटारून तयार होते. आईने काहीही काढलं नाही. त्या बाई भोपळ्याच्या चांगल्या फोडी बोटांनी आईच्या बाजूला सारत होत्या आणि आई त्या खात होती.

जेवण झाल्यावर पुदिन्याचा चहा आला. त्या बाई आईच्या समोर बसल्या आणि त्यांनी भावाला प्रश्न सांगितला, त्याने मला सांगितला, मी आईला सांगितला. याच प्रश्नासाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो. तुम्ही तिथे सुखात आहात का?

आई बोलायला लागली, आणि थांबली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं, परीक्षेत पोरं बाईंच्या तोंडाकडे बघतात तसं. मग म्हणाली, "हो. छान आहे. सगळं स्वच्छ आहे."

मी ते भाषांतर करून सांगितलं, वर स्वतःचं थोडं घातलं, आणि काम फत्ते झालं असं समजून चहा संपवला.

निघताना मी फोटोसाठी दोघींना अक्रोडाच्या झाडाखाली उभं केलं. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर जाणार होता. मी पर्समधून नवी पट्टी काढली आणि आईला म्हटलं, "लाव ग, दिसतंय ते." तिला एका हाताने जमेना, म्हणून मीच लावली, अंगठ्याने कडा दाबून दाबून. त्या बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. मग मी मागे सरकून 'स्माइल' म्हटलं. फुनाबोरीला परत आल्यावर तो फोटो मी मोठा करून पाहिला, तेव्हा लक्षात आलं. त्यांनी रुमालाचं टोक ओठापर्यंत ओढून घेतलं होतं.

शेजारीण आली ती आम्ही परतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आई खाली बागेत फिरायला गेली होती. मी चहा केला, तिने घेतला नाही.

"आई येत नाही म्हणते," ती म्हणाली.

मी विचारलं, तिकिटाचं काही? व्हिसाचं?

"नाही. तिकीट मी काढणारच होते." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही तिला पट्टीचं सांगितलंत. ती म्हणाली, हातावरचं झाकता येईल, मी तोंडाला पट्टी लावून मुलीच्या घरात राहू का?"

मी सुमिमासेन म्हटलं. या एका वेळी तो शब्द अगदी खरा होता, आणि या एका वेळी त्याचा काही उपयोग नव्हता.

"मी मास्कचा विचार करून ठेवला होता," ती म्हणाली. "इथे सगळेच लावतात. विमानतळावरच तिला देणार होते, इथली पद्धत आहे म्हणून सांगणार होते. तिला कारण कधी कळलंच नसतं." एवढं बोलून तिने समोरचा चहा बाजूला सारला. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसलो होतो, परदेशात राहून हुशार झालेल्या दोन मुली.

उठताना ती म्हणाली, "तुमच्या आई तिला फार आवडल्या. पण म्हणाली, ती बाई बोलायच्या आधी मुलीच्या तोंडाकडे बघते. मला तुझ्याकडे तसं बघायची वेळ येऊ नये."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि तिथेच चपलांपाशी खाली बसले. मला लाज वाटत होती. आईची लाज वाटणं मला सवयीचं होतं, त्यात माणूस स्वतः ताठ उभा राहू शकतो. ही लाज तशी नव्हती. एका बाईचं पहिलं बाळंतपण होतं, तिला तिची आई हवी होती, आणि ती आई माझ्यामुळे येणार नव्हती.

आईला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण कुठून सुरू करणार? ती रोज विचारायची, "ठरलं का ग तिच्या आईचं?" मी म्हणायचे, व्हिसाचं काम चालू आहे, वेळ लागतो. आईने जाण्याआधी डिंकाचे लाडू करून दोन डबे शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवले. एक तिला आणि एक तिच्या आईला, आल्यावर दमलेल्या असतील म्हणून.

जूनच्या सुरुवातीला मी तिला नारिताला सोडायला गेले. ट्रेनमध्ये तिच्या पर्समध्ये फोन वाजला, मावशीचा असणार. मी म्हटलं, "घे ना, बोल." ती म्हणाली, "नको, इथे बोलत नाहीत," आणि तिने तो बंद केला. पट्टी हातावर होतीच. काढ ती, असं मला म्हणायचं होतं. स्टेशनं जात राहिली आणि मी ते पुढच्या स्टेशनवर ढकलत राहिले.

चेक-इनच्या रांगेत आई पर्स उघडून काहीतरी शोधायला लागली. मला वाटलं पासपोर्ट. तिने औषधाच्या दुकानातलं ते पाकीट काढलं, घडी नीट केली आणि माझ्या हातात दिलं.

"या पट्ट्या उरल्यात," ती म्हणाली. "मला आता पुण्यात काय करायच्यात? तिची आई आली की त्यांना दे. हनुवटीला एक पुरेल, मी तेव्हाच बघून ठेवलंय. आणि त्यांना सांग, पहिले चार दिवस खाजतं, मग काही वाटत नाही."

मी पाकीट धरून उभी राहिले. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग घाईघाईने पुढच्या-मागच्या लोकांकडे, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "काय झालं ग? मी फार मोठ्याने बोलले का?"